लाल लाकडाबद्दल मी एक शब्द बोललो नाही

...आणि साबणसुद्धा काढून घेतला हो माझा! म्हणजे बघा, दोन दिवस आगगाडी, मग सहा तास बस, मग होडी, अंगावर धुळीचे किती थर चढले असतील, आणि होडीतून पाय खाली ठेवतो न ठेवतो तोच लेक म्हणते, "बाबा, साबण द्या इकडे." मला वाटलं हिला हात धुवायचेत, दिला. तर तिने वेष्टन उलटं केलं, बारीक अक्षरं वाचली, आणि माझा साबण स्वतःच्या पिशवीत टाकून वर चेन लावली. "यात पामतेल आहे बाबा. त्या तेलाच्या मळ्यांसाठी असलीच जंगलं साफ करतात. आणि तसाही इथल्या ओढ्यात साबण चालत नाही." आता तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस मी, भुसा, डिंक, पॉलिश, सगळं अंगावर घेतलेला, मला साबणाचं महत्त्व तुम्ही सांगायला नको. पण मी एक शब्द बोललो नाही.

हसू नका. खरंच नाही बोललो. वचन दिलं होतं मी.

वचन कसलं, तर ऐका. माझी लेक एका प्रवास कंपनीत आहे. म्हणजे लोकांना जंगलात न्यायचं, पण जंगलाला कळता कामा नये की लोक येऊन गेले, असं तिचं खातं. त्यासाठी विमान नको, का, तर धूर. बाटलीतलं पाणी नको, का, तर बाटली. रोज नवा टॉवेल नको, का, तर धुणार कुठे. एवढं सगळं नको झाल्यावर उरतं काय? तर म्हणे अनुभव! दोन वर्षं खपून तिने एक मुक्काम शोधला होता, ऐन वर्षावनात, आणि तो कंपनीच्या यादीत घालायचा की नाही ते ठरवायला शेवटचं एकदा जायचं होतं. खाली सही तिची. यादीत आला तर वर्षाला चार सहली आणि त्या खात्याची मुख्य ही. नाही आला, तर खातंच बंद करू, असं वरच्या साहेबाने तोंडावर सांगितलेलं.

मग म्हणाली, "बाबा, तुम्ही चला माझ्याबरोबर. आयुष्यात कुठे गेला नाहीत." मी मोहरलो. लगेच पुढचं वाक्य आलं, "पण एक अट आहे. तिथे लाकडावर बोलायचं नाही."

आता यात तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. माझ्याकडून घडलेलं आहे तसं. तिच्या सासरी पहिल्यांदा गेलो, सगळे बसलेत, व्याही हवापाण्याच्या गप्पा काढतायत, आणि मी सोफ्याखाली डोकं घालून आतून म्हणतो, "वाळवी लागलीय." दवाखान्यात बायकोला दाखल केलं तर डॉक्टर तिची नाडी बघतायत आणि मी पलंग ठोकून बघतोय. बायको म्हणते, "अहो, माणसांशी बोला की जरा, खुर्च्यांशी काय बोलता?" पण काय करणार, हात आपोआप जातो! तरी लेकीला शब्द दिला. म्हटलं, चार दिवस, लाकडावर एक अक्षर नाही.

आणि नेलं कुठे? तर जिथे लाकडाशिवाय दुसरं काही नाहीच! म्हणजे मिठाईवाल्याच्या दुकानात नेऊन उपास करायला लावण्यासारखं झालं हे.

बरं, ते जंगल कसं, तर पाऊस थांबला तरी झाडं टपकतच असतात. सगळं ओलं. शर्ट ओला, उशी ओली, बिस्किट तोंडात जायच्या आधीच मऊ. बिस्किटंसुद्धा तिने पाठीमागचं वाचून निवडलेली, चव म्हणाल तर पुठ्ठा! पायाला जळू चिकटली, मी ओरडलो, तर हिरवा मालक म्हणतो... हिरवा मालक म्हणजे त्या मुक्कामाचा मालक, शर्ट हिरवा, टोपी हिरवी, बोलणं तर विचारूच नका. हे असं दोन्ही हात पसरून, डोळे अर्धे मिटून, "काका, ती जळू पाहुणी नाही, पाहुणे आपण आहोत." अरे बाबा, पाहुण्याचं रक्त पितात का? पण लेकीने माझ्याकडे पाहिलं, आणि मी एक शब्द बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी वाटाड्याने फिरायला नेलं. हा तिथलाच माणूस, जंगलात जन्मलेला, बोलणं अगदी मोजकं. एका रांगेत चाला, वाट सोडू नका, बेडकाला हात लावू नका, पीस सापडलं तरी खिशात घालू नका. चालता चालता एका झाडापाशी थांबला. काय सांगू तुम्हाला! माझं अख्खं दुकान त्याच्या बुंध्यात मावलं असतं. वर बघता बघता माझी टोपी पडली. वाटाड्या म्हणाला, "माझ्या वडलांच्या वेळी इथं असली पुष्कळ होती. आता या बाजूला हे एकच." मी विचारलं, बाकीची? त्याने नुसता हात केला, नदीच्या दिशेने. म्हणजे गेली वाहून, ओंडके होऊन.

मी सालीवर हात ठेवला आणि खरं सांगतो, मला लाज वाटली. चाळीस वर्षं लाकूड हाताळलं, डोळे बांधून द्या, नुसत्या वजनावरून सांगेन कुठलं ते, आणि हे झाड मला ओळखता येईना! फळी झालेली बघितली होती सगळी, उभं कधी बघितलंच नव्हतं. विचारणार होतो त्याला, या लाकडाला काय म्हणतात, पण लाकूड हा शब्दच बंद होता ना.

आणि मग तिसरा दिवस. सही करायचा. हिरव्या मालकाने आम्हाला नव्या भोजनगृहात बसवलं. वाटाड्या दाराशी उभा, लेकीपुढे कागद, हातात पेन, आणि मालकाचं चालू, "ताई, या संपूर्ण भोजनगृहासाठी एकही झाड तोडलेलं नाही. पाडलेल्या जुन्या घरांची तुळया-दारं आणली. प्रत्येक टेबल शंभर वर्षं जुनं."

माझी बोटं टेबलाच्या कडेवर होती. मी मुद्दाम नव्हती ठेवली, गेली आपली!

तुम्हाला सांगतो, जुन्या घराचं लाकूड म्हणजे सुकून खडखडीत. त्याला खिळ्यांची भोकं असतात, जुन्या कड्यांचे डाग असतात. इथे? एक भोक नाही. पॉलिशला बारीक बारीक फोड आलेले, म्हणजे आतून ओल बाहेर यायला बघतेय. पायाच्या सांध्यात नखभर फट, म्हणजे ओलं असताना जोडलं आणि मग ते आकसलं. शंभर वर्षं? अहो, ते टेबल शंभर आठवड्यांचंही नव्हतं! माझ्या डोळ्यांपुढे ते लाकूड बोंबलत होतं, आणि माझी लेक पेनाचं टोपण काढत होती.

आता सांगा, काय करायचं माणसाने? बोललो, तर तिच्या माणसांसमोर बाप पुन्हा टेबल ठोकत बसला, दिलेला शब्द मोडला. नाही बोललो, तर तिचं नाव त्या खोट्याखाली कायमचं. आणि कानावर काय असतं माझ्या कायम? पेन्सिल. सुताराची पेन्सिल, चपटी, ती आंघोळीलाच काय ती उतरते. ती पडली. टेबलाखाली. पडली म्हणजे... पाडली मी.

म्हटलं, "बाळ, माझी पेन्सिल गेली बघ खाली. माझे गुडघे वाकत नाहीत." लाकडावर बोललो का मी? पेन्सिलवर बोललो. पेन्सिल लाकडाची असते हा माझा दोष नाही.

ती वाकली, टेबलाखाली गेली. तिथे खालच्या बाजूला पॉलिश नसतं हो, आळस करतात सगळे. लाकूड उघडं असतं. एक मिनिट झालं, दोन मिनिटं झाली, लेक बाहेर येईना. मालक म्हणतो, "ताई, मिळाली का?" मग आली बाहेर, केसांना कोळिष्टक, हातात पेन्सिल, चेहरा उतरलेला. पेनाला टोपण लावलं आणि शांतपणे म्हणाली, "हे जुनं लाकूड नाही. ताजं आहे."

मालक हसला. "ताई, इथली हवाच दमट. सगळं ताजंच वाटतं."

"वास दमटपणाचा नाही," ती म्हणाली. "मिरी कुटल्यासारखा, थोडा आंबट. हा ताज्या कापलेल्या लाल लाकडाचा वास. मी लहानपणापासून ओळखते. रोज संध्याकाळी बाबा दुकानातून यायचे, मी धावत जाऊन त्यांच्या पोटाला मिठी मारायचे, तेव्हा त्यांच्या शर्टाला हाच वास असायचा."

अहो, काय सांगू! छाती अशी फुगली माझी, की शर्टाचं बटण सांभाळावं लागलं. मला वाटायचं हिला माझ्या धंद्याची लाज वाटते. आणि माझी पोर, माझा शर्ट हुंगून हुंगून, एवढी मोठी पारखी झाली! ना शाळा, ना यंत्र, नुसत्या बापाच्या शर्टावर! मी मालकाकडे असं पाहिलं, की आता बोल. त्याची टोपी हातात आली. म्हणाला, "कंत्राटदाराने आणलं, मी काही विचारलं नाही." मी मनात म्हटलं, विचारलं नाही? काय माणूस आहे. एवढं लाकूड आणायचं आणि कुठून आलं ते विचारायचंसुद्धा नाही?

तेवढ्यात दारातून वाटाड्या बोलला. एरवी मोजकं बोलणारा, पण आपणहून बोलला. खवचटपणा नाही, काही नाही, अगदी साधा प्रश्न. "ताई, हे लाकूड काल तुम्ही बघितलंत त्या जातीच्या झाडाचं. ती झाडं फक्त इकडेच होतात. मग तुमच्या बाबांच्या शर्टाला त्याचा वास कुठून यायचा?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. लेकीने बघितलं. हिरव्या मालकाने तर टोपी परत घालून बघितलं.

आणि इतका वेळ मी सांगतोय ना तुम्हाला, की मी एक शब्द बोललो नाही? ते सगळं खोटं. तोंड बंद होतं इतकंच, आतून बडबड चालूच होती. त्या क्षणी आतूनसुद्धा बंद झाली. तीस वर्षं मी लाल माल घेतला. कपाटं केली, दारं केली, लेकीचं अभ्यासाचं टेबलसुद्धा त्याचंच. एकदाही विचारलं नाही, की बाबा, हे आलं कुठून.

लेकीने सही केली नाही. मालकाला म्हणाली, "बाहेर पाटी लावा, हे लाकूड कुठलं ते खरं लिहा, पुढच्या वर्षी बघू." परत आल्यावर साहेबासमोर उभी राहिली आणि जसं घडलं तसं सांगितलं. खातं जाणार होतं, गेलं नाही. म्हणजे चार सहलींची एक झाली, ती वाटाड्याच्या वाडीत, त्यांच्याच घरांत राहायचं. मुख्य केलं नाही तिला. पण साहेबाने म्हणे विचारलं, "हे तुम्हाला कळलं कसं?" तर तिने सांगितलं, "माझे वडील सुतार आहेत." भर कचेरीत. असं, मान वर करून. मी नव्हतो तिथे, पण मला दिसतं ते.

एवढ्यावर संपतंय होय? दुसऱ्याच रविवारी लेक दुकानात हजर, हातात एक छापील कागद, लाकूड कुठून आलं ते लिहायचा, मालकालाही तिने तसलाच भरायला लावला होता. "बाबा, तुमचा माल कुठून येतो?" मी वखारवाल्याला फोन लावला. तो म्हणतो, "मिस्त्री, तीस वर्षं घेताय, आज काय झालं? लाकूड कुठून येतं म्हणजे? ट्रकमधून येतं." कागदावर तेवढीच ओळ रिकामी राहिली. तेव्हापासून लाल माल बंद. जुनं गिऱ्हाईक येतं, "मिस्त्री, तसलंच लाल कपाट करा," मी सांगतो, होणार नाही. आता पाडलेल्या घरांची दारं आणतो. खरीखुरी पाडलेल्या घरांची! तुम्ही कधी शंभर वर्षांच्या दारातले खिळे काढलेत? नका काढू. एकेक खिळा असा बसलेला असतो, जणू घरजावई. सकाळी हातात पक्कड घेतो ती संध्याकाळी ठेवतो. आणि लेक दर रविवारी येते, गिऱ्हाईक बसलेलं असताना टेबलाखाली डोकं घालते आणि हुंगते. बायको म्हणते, "बघा, कुणावर गेलीय."

परवा घरी गेलो, तर लेक माहेरी आलेली होती. तीस वर्षांची बाई, पण उठली, माझ्या शर्टाला नाक लावलं आणि हसली. म्हणाली, "गंज." बस, एवढंच. चाळीस वर्षांत किती कपाटं केली, कुणी पाठ थोपटली नाही, आणि या एका शब्दाने माझे डोळे भरून आले. काय बोलणार? एक शब्द बोललो नाही.

बायको बोलली. म्हणाली, "कौतुक पुरे. आधी आंघोळ करा, आणि साबण लावून करा, पोरीला चढेल तो गंज." गेलो न्हाणीघरात. साबणाची वडी कोनाड्यात नाही. बाहेर डोकावलो, तर लेक वेष्टन उलटं धरून, डोळ्यांजवळ नेऊन, बारीक अक्षरं वाचतेय.