आपांनी जाकीट पडून तपासलं

आमच्या नांदेडच्या रुखसानाआपांचं सांगतो. माझी लेक कोचिंग सुटलं की त्यांच्याकडे घोडेस्वारी शिकायला जायची. स्वार पडला की आपोआप फुगणारं हवेचं जाकीट आपांनी पोरांसाठी मागवलं.

लेक लगेच घालायला निघाली. आपा म्हणाल्या, "ठैर बेटा, आधी मी पडून बघते."

पन्नाशीच्या बाईनं चालत्या घोड्यावरून मुद्दाम अंग टाकलं. धाडकन जाकीट फुगलं, आपांना खरचटलंसुद्धा न्हाई. पण त्या आवाजानं घोडा उधळला.

मी म्हणलं, "आपा, जाकीट तर पास झालं की!"

"हाव, पण घोडा नापास झाला. बिथरून लेकराला तुडवलं तर?"

मग जाकीट फुगवणारी गॅसची नवी नळकांडी दर वेळी घालून आपा रोज पडत राहिल्या. जाकीट धाडकन फुगूनही घोडा बिथरला न्हाई, तवा कुठं त्यांनी ते माझ्या लेकीच्या अंगात घातलं.