भुरीची जात

(हिंदी मुलखातल्या शहरात, गुढियारी वस्तीत दुसऱ्या मजल्यावर कमला आणि तिची मुलगी पिंकी यांची भाड्याची खोली. कुत्री दाराशी पाय पसरून पडली आहे. चौबे कॉलोनीतल्या विनोदिनीताई तिला न्यायला आल्या आहेत.)

विनोदिनी : अन् जात कोणती म्हणालात?

कमला : गावठी, ताई. रंगानं भुरी, म्हणून नावही भुरीच. मालधक्क्यापाशी ट्रकनं मागचा पाय चिरडला होता, आता चालते थोडीथोडी. सुया झाल्या, पिल्लं न व्हायचं ऑपरेशनही झालं.

विनोदिनी : तिची नाही हो. तुमची विचारली.

कमला : माझी?

विनोदिनी : राग नका मानू. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो दिसला म्हणून आपलं... मी स्वतः काही मानत नाही. पण सासूबाई विचारतील ना, कोणाच्या घरून आणली.

कमला : मग सांगा ना. गोंडाणे, नागपूरकडचे बौद्ध. पोरीचे बाबा रेल्वेत होते.

पिंकी : मम्मी, छोड़ ना. आंटी, आप भुरी को देखो. हाथ दो तो चाटती है.

विनोदिनी : गोड आहे गं. आमचा मोती गेला तेव्हापासून अंगण सुनं पडलंय. हिला काही कमी पडू देणार नाही मी. फक्त नेल्या नेल्या गोमूत्रानं आंघोळ घालीन, म्हणजे सासूबाईंची कटकट नको.

कमला : काहून? पिसवा नाहीत तिच्या अंगावर. कालच साबणानं धुतली.

विनोदिनी : पिसवांसाठी नाही हो. तुमच्या ताटातलं खात होती ना इतके दिवस...

कमला : हव, खात होती! जबडा सुजला होता तवा भात कुस्करून बोटानं चारला मी तिले. नालीत पडली होती ताई, जखमेत अळ्या झाल्या होत्या. पुरा पारा, सारा मोहल्ला नाक दाबून जाऊन राहिला होता. ऑटोवाले थांबत नव्हते, या पोट्टीनं ओढणीत गुंडाळून नेली दवाखान्यात. नालीतलं खाल्लं तवा चोखी होती, अन् माझ्या हातचं खाल्लं तर बाटली?

विनोदिनी : असं कुठं म्हटलं मी?

कमला : मग गोमूत्र काय वासासाठी टाकता?

पिंकी : मम्मी, धीरे. मकान मालिक इसको रविवार के बाद रहने नहीं देगा. फिर वही मालधक्का, वही ट्रक, और ये भाग भी नहीं पाएगी. नहलाने दे ना. उसको क्या समझेगा?

कमला : तिले नाही समजत. मले समजते ना!

विनोदिनी : बघा बाई, तुमच्याच कुत्रीचं भलं होऊन राहिलं.

कमला : ठीक आहे. पिंकी, चहा आण. ताई, एक कप चहा घ्या आमच्या घरचा, अन् खुशाल न्या तिले. पण ते आंघोळीचं नाही चालणार.

विनोदिनी : आज उपास आहे माझा.

कमला : उपासाले चहा चालते.

विनोदिनी : ...आण गं. (पिंकी कप आणून देते.) हे बघा, प्यायले. चांगला झालाय. आता तर झालं समाधान? फक्त सासूबाईंच्या कानावर नका जाऊ देऊ.

कमला : म्हणजे चोरून प्याल्या. मग घरी गेल्यावर भुरीच्या बाजूले तुम्हीही बसा आंघोळीले.

विनोदिनी : तोंड सांभाळा! मी भलं करायला आले, अन्...

कमला : या तुम्ही. ज्या घरी माझा हात भुरीच्या अंगावरून धुवून काढतीन, त्या घरी नाही द्यायची मले ती.

विनोदिनी : मरू द्या मग ट्रकखाली. पाप तुमच्या माथी.

पिंकी : आंटी, चप्पल उधर है. सीढ़ी में अँधेरा है, सँभल के उतरना.

कमला : गेली?

पिंकी : गई.

कमला : पिंकी, बरोबर केलं का गं मी? अंगण भेटत होतं हिले. राग माझा, अन् भोगन हे मुकी.

पिंकी : रो मत, मम्मी.

कमला : कुठी ठेवू आता इले?

पिंकी : दुसरीकडे खालची खोली पाहू. तिघीले पुरन एवढी.

कमला : आपल्याले कोण देते?

पिंकी : मी जातो पाहाले. आडनाव दारातच सांगतो.