कुरड्या वाळेपर्यंत

— नोका, नोका, साहेब, त्या बाकावर नोका बसू. ओल्या आहेत. चादरीवर कुरड्या घातल्या आहेत त्या, आज सकायीच घातल्या — तुमची प्यांट भरली असती ते येगळं, माह्या कुरड्यांचा निरा लगदा झाला असता. इकडं भितीपाशी उभे राहा. तुमीच ना आमचे नवे पाळकसाहेब? मी ताराबाई, शालिकराम बुढ्याची बायको. चर्चची चाबी आमच्याच घरी असते — काहून म्हनजे, असते. तुमी पुण्याकडचे ना? दिसतेच. इतकं गुपचूप आयकून घेनारा मानूस आमच्या मूर्तिजापुरात नाही भेटत.

आता तुमी म्हनान, कुरड्या चर्चात काहून? मंग कुठी घालाव? गच्चीवर वानेरं, आंगनात बकऱ्या, रस्त्यावर धूळ. इथं कसं, भिती उंच, दाराले कडी, आन् वरून असं झक्क ऊन येते — हो, त्या भगदाडातून. ते वानेरांनी केलं. तुमाले माहीत नाही साहेब, इकडची वानेरं लय वांड, छपराच्या कवेलूवर — तुमी कौलं म्हनता ना, त्यायवर — नाचतात, फोडतात, आन् — काय? तुमच्या पाळकाच्या बंगल्याच्या मांगं रचून ठेवलेले कवेलू? ते बी पाह्यले का तुमी? कालच तर आले ना बाप्पा. आता काय सांगू. तुमचं खरं आहे, वानेर कवेलू फोडते, रचून नाही ठेवत.

मंग आयका. आमीच काढतो. होळी झाली का आमचा बुढा शिडी लावते, दोन रांगा कवेलू उतरवते, आन् मिरगाच्या आधी परत चढवते. माही सासू होती तवापासून असंच आहे. ऊन सरकलं का त्याच्यामांगं बाक सरकवाव लागते, म्हनून हे बाकं असे आडवेतिडवे — रविवारी ज्याले जसं बाक भेटलं तसा तो बसते. मांगच्या पाळकसाहेबांकडं तर अर्ध्या मंडळीची पाठच होती. ते बिचारे म्हनत, मंडळीचं मन फिरलं. मन कायचं फिरते, बाक फिरलं होतं. पन सांगाव कोन?

ते काहून गेले? तब्येत — नाही, तब्येत चांगली होती त्यायची. काय झालं, मांगच्या साली बुढ्याचा गुडघा गेला. कवेलू काही वर चढले नाही. आन् पाऊस आला तो थेट मंचावर. साहेबांनी छत्री धरून उपदेश केला, आन् इषय कोनता काढला, तर नोहाचं तारू. आता मांगच्या बाकावरून कोनीतरी हासलं. कोनीतरी म्हनजे मीच. पन मी सुरू केलं, बाकीच्यायले काय मी हासा म्हनलं होतं? नाताळाच्या आधीच ते बदली घेऊन अमरावतीले गेले. नाताळाले पाळक नव्हता साहेब. गानी आमीच म्हनली, प्रार्थना बुढ्यानं केली, तो सारा टाइम आपल्या गुडघ्याबद्दलच बोलला देवासंग. मले लय वाईट वाटलं त्या दिवशी.

म्हनून म्हनते, तुमी जाऊ नोका. पन तुमी मांगवले ते टिनाचे पत्रे बी त्या भगदाडावर ठोकू नोका. हो, दोन्ही. आता तुमीच पाहा — रविवारी इथं दोन बाकं भरत नाही, आन् दुपारी कुरड्या पलटवाले बाया येतात तवा पाय ठेवाले जागा नसते. आमच्या मंडळीच्या येतात, गल्लीतल्या येतात, तिकडच्या बाकावर त्या शेवया आहेत ना, त्या हाजराबीच्या. कोनाचं सुनेशी पटत नाही, कोनाचा पोरगा पेते, सारं इथंच बोलतात. रडतात बी. वरून पत्रा ठोकला तर काहून येतीन कोनी? मंग एक दिवस तुमच्या वरचे लोक म्हनतीन, दोन बाकायसाठी चर्च कायले, कुलूप लावा आन् अकोल्याले जात जा. माहं लगन इथं झालं साहेब. मले भेव वाटते.

तसाबी तुमी पत्र्यासाठी बलावला तो वली मिस्त्री उद्या येतच नाही म्हना — मले कसं माहीत? असंच. नाही म्हनजे, फोन केला मी त्याले. सकायी. म्हनलं, साहेबांचं पोट बिघडलं, पत्रे घेऊन येऊ नोको. मंग काय म्हनू? तो बी लगेच हो म्हनला. हाजराबी त्याची माय होय, मायच्या शेवयांवर पत्रा ठोकून तो घरी जेवीन कसा?

कोनाले फोन लावून राहिले? वलीले? साहेब, पोटाचं म्हनजे मी काळजीपोटी — बरं, लावा. तिथं नाही, तिथं आवाज कटते. त्या भगदाडाखाली जाऊन उभे राहा, रेंज तिथंच येते. हां.

काय म्हनले त्याले? मिरगाच्या आधी ये म्हनले? आन् पत्रे नाही, आपले हेच कवेलू चढवाचे? आन् पुढच्या होळीले पुन्हा उतरवाले बी तूच ये, असं म्हनले?

म्हनजे तुमी पुढच्या होळीलेबी इथंच आहा.

नाही, काही नाही. रडू येऊन राहिलं मले, दुसरं काय. इकडं पाहू नोका. आन् साहेब, आता हटा तिथून — कवाची सावली पडून राहिली तुमची कुरड्यांवर.