आठ-सहा-सात लावा, मग बोला

समारंभाचे अध्यक्ष, आपले गावप्रमुख श्री. विल्फ्रेड स्नोशू, मंचावरील मान्यवर, सत्कारमूर्ती एफीमावशी कोए आणि जाडजूड पार्का कोट अंगात ठेवूनच बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

मावशींचं विमान थोड्याच वेळात येईल आणि नदीवर धुकं उतरतंय. माझं लक्ष सारखं खिडकीकडे जातंय, सांभाळून घ्या.

आपल्या गावात कुणी कधी पूर्ण नंबर सांगितलाय का? शेवटचे चार आकडे सांगितले की झालं, आधीचे तीन सगळ्यांचे एकच. मग फोन कंपनीचं फर्मान आलं. शेजारच्या घरी फोन करायचा तरी त्या सगळ्याच्या आधी आठ-सहा-सात हा आपल्या प्रांताचा कोड लावा. नाही लावलं, की एक बाई इंग्रजीत काहीतरी सुनावणार. माझ्या आईला इंग्रजी येत नाही, हे तुम्ही जाणताच.

मावशी रोज सकाळी आपल्या रेडिओ केंद्रातून म्हाताऱ्या मंडळींना फोन करून विचारपूस करायच्या. कोड सुरू झाला त्या दिवशी आईचा फोन सारखा एंगेज. आई एवढा वेळ कुणाशी बोलणार? मावशींना चैन पडेना. श्रोत्यांसाठी गाणं लावून त्या बर्फातून तशाच निघाल्या.

घरात पाहतात तर बाबा जमिनीवर पडलेले, आणि आई फोनवर आपल्या ग्विचिन भाषेत विनवतेय, "अगं, माझा नवरा उठत नाहीये. पाठव ना कुणाला तरी." दवाखान्याचा नंबर तिने जुन्या सवयीने फिरवला होता. त्या बाईचं बोलणं संपलं की आई पुन्हा तोच फिरवायची.

मावशी म्हणाल्या, "दे इकडे. ती बाई नाहीये गं, मशीन आहे."

"मग मशीनला सांग," आई म्हणाली.

मावशींनी कोड लावून फोन केला. नर्सबाई धावत आल्या. बाबा आज दुसऱ्या रांगेत डुलक्या काढताहेत, ते त्यामुळे. पुढे कित्येक दिवस मावशींनी रेडिओवर आपल्या भाषेत तो कोड घोकून घेतला.

आता त्या एडमंटनला मुलीकडे निघाल्यात. उद्या सकाळी फोन कोण करणार? समितीत दोनदा चर्चा झाली, नाव ठरलेलं नाही. हे मला टोचतंय.

आईला तर मुळीच दम नाही. तिकडचा कोड वेगळा आहे, हे कळल्यापासून ती बसून सराव करतेय. मावशींची मुलगी काल मला म्हणाली, "बर्निस, तुझी आई रोज फोन करून विचारते, एफी पोहोचली का? अगं, माझी आई अजून तुमच्याच गावात आहे ना?"

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. घाईत कुणाचं नाव राहिलं असेल, शब्द इकडचा तिकडे झाला असेल, तर पोटात घाला. मावशी, जपून जा.