ज्या हातानं पीठ फुगतं

— नाही हो काकू, इडल्या आईनंच केल्यात. मला पिठाला हात लावायची बंदी आहे. घरची नव्हे, लॅबची. आईनं काय सांगितलं, आमच्या कुमुदिनीनं केल्या म्हणून? तरी मी तिला म्हटलं होतं, मुलगी बघायला आलेल्या बाईंना खोटं सांगू नकोस — असू दे, चटणी घ्या. फार बोलतेय ना मी? विचारतील तेवढंच बोल, अशी ताकीद आहे मला, आणि तुमच्या विद्याधरांचं स्थळ मला हवंय म्हणून मी गप्प बसणारही होते — पण आज सकाळी माझ्या पेशी जगल्या काकू, जगल्या, मग तोंड कसं थांबणार?

कसल्या म्हणजे — कॅन्सरच्या. अहो मला नाही, मी ठणठणीत आहे. पेशंटच्या गाठीचा तुकडा येतो आमच्याकडे, त्यातल्या पेशी बाटलीत वाढवायच्या आणि त्यांच्यावर औषधं घालून बघायची. मुद्दाम वाढवायच्या? हो, मुद्दामच — बाबाही असेच बघतात माझ्याकडे. आणि नखरे तरी किती! माणसाच्या अंगात न सांगता पसरतात, बाटलीत ठेवल्या की जावयासारख्या रुसतात. गुलाबी पाणी पाजा, अंगाएवढी ऊब द्या, रविवारीसुद्धा जाऊन विचारपूस करा — तरी मरतात.

तर पिठाचं. मागच्या महिन्यात तुम्ही येणार होतात आणि अमावास्या निघाली म्हणून राहिलात ना, तेव्हा आदल्या संध्याकाळी आईनं मला पीठ कालवायला बसवलं. मीठ घालून हातानंच कालवायचं, हाताच्या उबेनं फुगतं — तुम्हाला काय सांगायचं, मद्रासमध्ये इतकी वर्षं काढलीत. माझा हात तर असा की पीठ पातेल्याबाहेर येतं, शेजारच्या अन्नपूर्णाबाईसुद्धा मलाच हाक मारतात. तोच हात घेऊन सकाळी लॅबमध्ये गेले. धुतला हो, साबणानं धुतला, स्पिरिटनं पुसला, पण नखात राहिलं असणार — पुढे बघते तर गुलाबी पाणी पिवळं, गढूळ, आणि पेशींचा पत्ता नाही. सगळं आंबलेलं. वाससुद्धा इडलीच्या पिठाचा! हसा, हसा, मीही हसते आता. तेव्हा जिन्यात बसून रडले. तो तुकडा ज्या बाईंचा होता ना, त्या तोवर गेल्या होत्या. पुन्हा मागणार कुणाकडे?

हेमावती मॅडम, आमच्या मोठ्या बाई, तंजावरकडच्या मराठी — आवाज म्हणून कधी चढवत नाहीत. त्या म्हणाल्या, पीठ किंवा पेशी, काय ते एक ठरव, पुढची बाटली नासली तर तुझी जागा दुसऱ्याला. तेव्हापासून मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राहून जेवते, आई म्हणते सोवळं पाळतेस की शिकतेस. आणि आज मायक्रोस्कोपला डोळा लावला तर नव्या पेशंटच्या पेशी तळाला चिकटून मस्त पसरल्यात, एकीच्या दोन होतायत. मॅडमनी सगळ्यांना बोलावून दाखवलं. मी बसमध्ये कंडक्टरलासुद्धा सांगितलं. तो म्हणाला, पुढे सरका.

काय म्हणालात? लग्नानंतर? लग्नानंतरही जाणार ना. रोज. पेशींना कुठलं आलंय लग्न. मग तुमच्याकडे पीठ कोण कालवणार — अहो काकू, त्याची काळजीच नको, ते ठरलंय. विद्याधर कालवणार. स्वतःहून म्हणाले ते, आणि जमेल त्यांना, हात चांगला गरम आहे त्यांचा —

म्हणजे — फोटोत. फोटोवरून वाटतं तसं.

काकू, आणखी एक इडली?

आई, तू जरा बाहेर ये ना.