केकचं दुकान आणि कादंबरी

तुम्ही सगळे पुस्तकं ऑनलाइन मागवता ना? मग तुम्हाला आमच्या शुभाताईची गंमत कळायची नाही. नेरूळला तिचं पुस्तकांचं छोटं दुकान आहे. रविवारी संध्याकाळी ती तिथं एखादी कादंबरी मोठ्यानं वाचते आणि आम्ही सोसायटीतली मंडळी स्टुलांवर बसून ऐकतो. नियम एकच, वाचून संपेपर्यंत ती कादंबरी कुणालाही विकायची नाही.

एकदा ऐन वाचनात गाळ्याचे मालक आले. इथल्याच गावचे, वजनदार माणूस. आल्या आल्या म्हणाले, "बाय, गाळा खाली कर. पोराला केकचा दुकान टाकायचा हाय."

आमचे चेहरेच पडले. शुभाताई म्हणाली, "बसा दादा. एवढं प्रकरण संपवते, मग बोलू."

कादंबरीतल्या सुनेनं सासऱ्याच्या बंद कपाटाला किल्ली लावली आणि ताईनं पुस्तक मिटलं.

"मंग? कपाटान काय होता?" मालकांनी विचारलं.

"ते पुढच्या रविवारी."

"बुक मना दे. घरी वाचतो."

"संपेपर्यंत विकत नाही, दादा."

त्यानंतर मालक दर रविवारी आमच्या आधी हजर. गाळ्याचं नाव काढेनात. पण कादंबरी संपत आली तसं आम्हालाच टेन्शन. शेवटचं पान ताईनं मुद्दाम सावकाश वाचलं. पुस्तक मिटलं.

मालक उठले, फळीवरचं सगळ्यात जाड पुस्तक ओढून काढलं आणि तिच्यापुढं ठेवलं.

"आता ह्यो वाच. पोराला सांगतो, केकला टाईम हाय."