हात तेवढा आत गेला

ऐका. आणि ए भिक्या, दात काढू नकोस, मग घरी सोडायला मी येणार नाही.

वरच्या वाडीत दाजी खापऱ्याच्या घरात गोळी सुटली. रानडुकरांसाठी ठेवलेली बंदूक, लागली दाजीला. तिथंच तडफडून गेला बिचारा, घोटभर पाणी द्यायला कोणी नाही. मारली त्याच्याच पोरानं, रघ्यानं, असं सगळी वाडी म्हणे; बघितलं कुणीच नव्हतं. प्रेत तालुक्याला नेलं. बंदूक माजघरात पडली होती तिथंच ठेवली, भोवती खडूनं गोल काढला, दाराला आडवी दोरी बांधली. सकाळी ठसेवाले येणार, बंदुकीवर बोटं कुणाची ते बघणार. तोवर पहाऱ्याला गंगाराम पाष्टे हवालदार. फौजदारांनी बजावलं, "पाष्टे, उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही. मी बोलावलं तरी नाही! काही हाललं तर नोकरी गेली म्हणून समज."

दिवेलागणीनंतर पाष्टे एकटाच काजूच्या बागेतली वाट चढून गेला. ओटीवर बसला.

आतून खोकला आला. बॅटरी मारली. कोणी नाही! मग अंगणातून फौजदारांचा आवाज, "पाष्टे, बंदूक घेऊन ये." पाष्टे उठलासुद्धा! पण म्हणाला, साहेब असते तर जीप वाजली असती. बसला पुन्हा, रामरक्षा पुटपुटत. तर आत बंदूक आपोआप सरकायला लागली. खर्र... खर्र... उंबऱ्याशी येऊन थांबली. आणि अंधारातून दाजी, "पाणी दे रे गंगाराम. घसा जळतोय."

आता सांगा, असं मागणाऱ्याला आपल्यात कोण नाही म्हणतं? पाष्ट्यानं विचार केला, पाय बाहेर, हात तेवढा आत. दोरीखालून तांब्या पुढं केला. आई गं! गारठलेल्या हातानं मनगट धरलं. ओढलं. पंजा बंदुकीवर दाबून फिरवला, वरपासून खालपर्यंत, भांडं पुसावं तसा. "पोर आहे रे माझं," दाजी रडत होता, "पोर आहे!" पाष्ट्यानं हिसडा मारला आणि धोंड्यांवर आपटत पळत सुटला.

सकाळी बंदूक खडूच्या गोलात. रघ्याचा एक ठसा नाही. पाचही बोटं पाष्ट्याची! गोळी सुटली तेव्हा तो तालुक्याच्या बाजारात बंदोबस्ताला होता, सगळ्या बाजारानं बघितलेला, म्हणून फासावरून वाचला. नोकरी गेली ती गेलीच. रघ्या सुटला.

त्याच घरात राहतो रघ्या. दाजी रात्री अजून पाणी मागतो, वाटेवर ऐकू येतं. रघ्या ऐकतो, पण उठत नाही. तुम्ही मात्र अंधार पडल्यावर त्या वाटेला फिरकू नका रे. त्या म्हाताऱ्याला कुणाचाही हात चालतो.